अंधारात दिवा धरणारे : रोझमेरी सटक्लिफ यांचे जीवन आणि लेखन

धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांना घेऊन आम्ही एकदा वसईच्या किल्ल्यात गेलो होतो. छप्पर हरवलेली चर्चे, वडाच्या मुळांनी वेढलेले बुरूज आणि दगडांत कोरलेली जुनी अक्षरे दाखवीत आम्ही १७३९ सालच्या वेढ्याची हकीकत सांगत होतो. चिमाजी अप्पांच्या फौजांनी त्या मे महिन्यात पोर्तुगीजांकडून हा किल्ला कसा जिंकला, हे सांगत असताना सहावीतील एका मुलाने मध्येच विचारले, "फादर, त्या लढाईत आपण कुणाच्या बाजूला होतो?"

आम्ही थबकलो. हा मुलगा शाळेत शिवाजी महाराजांचा आणि पेशव्यांचा इतिहास आपला म्हणून शिकतो आणि ते योग्यच आहे. रविवारी मात्र तो ज्या आडनावाने ओळखला जातो त्या आडनावात पोर्तुगीज काळाचा ठसा आहे. पोर्तुगीज सैनिक गेले. आपले पूर्वज मात्र आपल्या वाडीत, आपल्या विहिरीवर, आपली बोली बोलत आणि आपली जपमाळ म्हणत येथेच राहिले. मुलाला एक बाजू हवी होती. आमच्यापाशी ती नव्हती. "पुढे सांगेन," असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली, याची आजही खंत वाटते.

परतीच्या वाटेवर आम्हाला सेमिनरीच्या ग्रंथालयात वाचलेल्या एका इंग्रज लेखिकेची आठवण झाली. मुलांसाठी ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिणाऱ्या या बाईंनी नेमक्या अशाच प्रश्नावर आयुष्यभर लेखन केले : दोन सत्तांच्या, दोन संस्कृतींच्या मध्ये सापडलेला माणूस कुणाचा? त्यांचे नाव रोझमेरी सटक्लिफ. त्यांच्या जीवनाची आणि कार्याची ओळख आपल्या कुटुंबांना करून द्यावी, म्हणून हा लेखप्रपंच.

खाटेवरचे बालपण

रोझमेरीचा जन्म १४ डिसेंबर १९२० रोजी इंग्लंडच्या सरे परगण्यातील ईस्ट क्लँडन या गावी झाला. वडील नौदलात अधिकारी होते. दोन-तीन वर्षांची असतानाच तिला मुलांना होणारा तीव्र स्वरूपाचा संधिवात जडला. सांधे सुजले, आखडले, वाकडे झाले. हातापायांची वाढ नीट झाली नाही. पुढची अनेक वर्षे इस्पितळे, शस्त्रक्रिया आणि सक्तीची विश्रांती यांतच गेली. वडिलांच्या नोकरीमुळे माल्टा बेट, चॅथमची गोदी अशा ठिकाणी बिऱ्हाडे हलत राहिली आणि अखेर कुटुंब डेव्हन परगण्यात स्थायिक झाले. इतर मुले टेकड्या चढत असता ही मुलगी अंथरुणावर पडून खिडकीबाहेर पाहत असे.

या मुलीला इतिहासाचे दार कुणी उघडून दिले? तिच्या आईने. आईचा स्वभाव सोपा नव्हता, हे रोझमेरींनी पुढे आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिले आहे. परंतु हीच आई लेकीच्या उशाशी बसून तासन्‌तास वाचून दाखवीत असे. उत्तरेकडील देवदेवतांच्या आणि वीरांच्या कथा, डिकन्सच्या कादंबऱ्या, किपलिंगच्या गोष्टी असे सारे त्या मुलीच्या कानांतून मनात उतरले. गंमत अशी, की नऊ वर्षांची होईपर्यंत तिला स्वतःला वाचताच येत नव्हते. ऐकण्यात इतका आनंद होता की वाचायला शिकण्याची निकड तिला भासली नाही. शाळेशी संबंध थोडाच आला आणि चौदाव्या वर्षी तोही संपला.

किपलिंगचे नाव आले म्हणून एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. रडयार्ड किपलिंग यांचा जन्म १८६५ साली आपल्या मुंबईत झाला. त्यांचे वडील जे. जे. कलाशाळेत अध्यापक होते. किपलिंग यांनी १९०६ साली मुलांसाठी लिहिलेल्या एका पुस्तकात ब्रिटनमधील एका तरुण रोमन अधिकाऱ्याच्या कथा आहेत. तो ब्रिटनच्या बेटावरच जन्मला, रोम त्याने कधी पाहिले नाही. तरी रोमच्या नावाने तो सीमेवर पहारा देतो. आईच्या तोंडून ऐकलेल्या या कथांनी रोझमेरीच्या मनात रोमन ब्रिटनचे बीज पेरले. हे ऋण त्यांनी नेहमी मान्य केले आणि १९६० साली किपलिंगवर एक छोटेखानी पुस्तकही लिहिले. वसाहतीच्या काळात मुंबईत जन्मलेल्या एका इंग्रज मुलाच्या कल्पनेतून निघालेला धागा असा दुसऱ्या एका आजारी मुलीच्या हाती गेला.

शाळा सुटल्यावर रोझमेरी बिडफर्डच्या कलाशाळेत दाखल झाल्या आणि लघुचित्रे रंगविण्याची कला शिकल्या. हात वाकडे असूनही त्या या कलेत निष्णात झाल्या व लघुचित्रकारांच्या राजमान्य संस्थेच्या सदस्यही झाल्या. तथापि तळहाताएवढ्या चित्रात त्यांचा जीव गुदमरू लागला. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास त्या लिहू लागल्या. १९५० साली त्यांची पहिली पुस्तके ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केली. त्यांतील एक रॉबिन हूडच्या कथांचे पुनर्कथन होते. त्यानंतर बेचाळीस वर्षे ही लेखणी थांबली नाही.

हरवलेली पलटण

रोझमेरी सटक्लिफ यांचे नाव सर्वतोमुखी झाले ते १९५४ सालच्या 'द ईगल ऑफ द नाइन्थ' या कादंबरीमुळे. 'नववी पलटण' म्हणजे रोमन सैन्याची नववी लीजन. एका लीजनमध्ये सुमारे पाच हजार सैनिक असत आणि सोनेरी गरुडाचे चिन्ह हा त्यांचा मानबिंदू असे. ही लीजन इ. स. १०८ मध्ये ब्रिटनमधील यॉर्क येथे होती, असे एका शिलालेखावरून दिसते. त्यानंतर ब्रिटनच्या इतिहासातून ती नाहीशी होते. दुसरीकडे, दक्षिण इंग्लंडमधील सिल्चेस्टर येथे रोमन नगराच्या उत्खननात १८६६ साली पंख तुटलेला काशाचा एक गरुड सापडला. तो आज रेडिंगच्या संग्रहालयात आहे. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध असल्याचा पुरावा नाही. लेखिकेने त्या दोन्ही एकत्र आणल्या आणि त्यांच्या मधली पोकळी कल्पनेने भरून काढली.

कथेचा नायक मार्कस हा तरुण रोमन अधिकारी पहिल्याच लढाईत पायाने अधू होतो. त्याची सैनिकी कारकीर्द संपते. त्याचे वडील त्याच नवव्या लीजनबरोबर उत्तरेकडे गेले, ते परतलेच नाहीत. आखाड्यात मरणाच्या दारी उभ्या असलेल्या एस्का नावाच्या ब्रिटन कैद्याला मार्कस गुलाम म्हणून विकत घेतो. पुढे वडिलांच्या लीजनचा गरुड शोधण्यासाठी हद्रियनच्या तटबंदीपलीकडे जायचे ठरते, तेव्हा मार्कस आधी एस्काला गुलामगिरीतून मुक्त करतो. अशा जिवावरच्या प्रवासाला गुलामाला हुकूम देऊन नेता येत नाही. स्वतंत्र माणसालाच सोबत येण्याची विनंती करता येते, ही त्यामागील भावना. डोळ्यांच्या वैद्याच्या वेषात मार्कस आणि त्याचा सोबती तटबंदी ओलांडतात.

या पुस्तकातील एक प्रसंग आम्हाला विशेष मोलाचा वाटतो. एस्का मार्कसला दोन नक्षी दाखवितो. रोमन खंजिराच्या म्यानावरची नक्षी सरळ, मोजूनमापून काढलेली आहे. ब्रिटन ढालीवरची नक्षी मात्र वाहत्या पाण्यासारखी वळत जाते. ज्या लोकांनी ही दुसरी नक्षी घडविली त्यांना पहिलीच्या चौकटीत राहायला सांगाल तर ते कसे जमावे, असा त्याचा भावार्थ आहे. राज्यकर्ता आणि जित यांच्यातील अंतर दहा-बारा वर्षांच्या वाचकाला समजेल अशा भाषेत सांगणे ही सामान्य गोष्ट नाही. किपलिंगच्या कथेत आपण बहुधा तटबंदीच्या या बाजूला उभे राहून पाहतो. सटक्लिफ यांनी पलीकडच्या माणसालाही तोंड उघडू दिले.

या कादंबरीत मार्कसच्या घराण्याची एक पाचूची अंगठी आहे. तिच्यावर डॉल्फिन मासा कोरलेला आहे. पुढील अनेक कादंबऱ्यांत ही अंगठी एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जात राहते. रोमन काळापासून थेट अकराव्या शतकातील नॉर्मन स्वारीपर्यंत ती पोहोचते. तोवर त्या घराण्याच्या रक्तात रोमन, ब्रिटन आणि उत्तरेकडून आलेले सारे मिसळून गेलेले असतात. वंशशुद्धीच्या कल्पनेला याहून सौम्य आणि समर्पक उत्तर आम्ही क्वचितच वाचले आहे.

दीप धरणारे

१९५९ साली प्रसिद्ध झालेल्या 'द लँटर्न बेअरर्स' (दीपवाहक) या कादंबरीला ब्रिटनमधील बालसाहित्याचे मानाचे कार्नेगी पदक मिळाले. आमच्या मते ही त्यांची सर्वांत खोल कृती आहे. काळ इ. स. पाचव्या शतकाचा. रोमची सत्ता ढासळली आहे आणि ब्रिटनमधील उरलेसुरले रोमन सैन्य परत बोलावले गेले आहे. मार्कसचा वंशज अक्विला हा तरुण सैनिक अखेरच्या क्षणी जहाजावर चढत नाही. आपण रोमचे नसून या मातीचे आहोत, हे त्याला उमगते. ज्या रात्री सैन्य निघून जाते, त्या रात्री तो रुटुपिए बंदरातील दीपस्तंभ एकटाच पेटवितो. जहाजांतून जाणाऱ्यांना मागे किनाऱ्यावर प्रकाश दिसतो. कुणासाठी, ते कुणालाच कळत नाही.

पुढे अक्विलावर कोसळलेली संकटे वाचताना मन गलबलून येते. सॅक्सन हल्लेखोर त्याचे घर जाळतात, वडिलांना मारतात, बहीण फ्लाविया हिला पळवून नेतात. तो स्वतः समुद्रापार गुलाम होतो आणि त्याच्या गळ्यात लोखंडी कडे पडते. वर्षांनंतर आपल्या मालकाच्या टोळीबरोबर तो ब्रिटनला येतो, तेव्हा शत्रूच्याच छावणीत त्याला बहीण भेटते. तिच्या कडेवर सॅक्सन नवऱ्यापासून झालेले मूल असते. ती भावाला पळून जायला मदत करते, वडिलांची अंगठी त्याच्या हाती देते. मात्र त्याच्याबरोबर जात नाही. अक्विलाच्या मनात याचा जो विखार साठतो तो पुढे कितीतरी वर्षे निवत नाही.

पळून आलेल्या अक्विलाला रानात ब्रदर निनियास नावाचा एक मठवासी भेटतो. त्याचा मठ उद्ध्वस्त झाला आहे आणि तो एकटाच उरला आहे. तरी तो मधमाश्या पाळतो, पालेभाज्या लावतो, आल्यागेल्याला भाकर देतो. तो अक्विलाच्या गळ्यातील कडे कानशीने घासून काढतो. ज्या माणसाने आपल्या वडिलांचा विश्वासघात केला त्याला शोधून मारण्याच्या आशेवर अक्विला जगत असतो. निनियासकडून त्याला कळते, की त्या माणसाकडून छळ करून माहिती काढून घेतली गेली आणि तो केव्हाच मेला. सूड उगवायला आता कुणी शिल्लकच नाही. गळ्याचे कडे निघते, मनाचे निघत नाही.

ते निघते कादंबरीच्या अखेरीस. मोठ्या लढाईनंतर अक्विलाला शत्रुसैन्यातील एक जखमी तरुण सापडतो. त्याचा चेहरा पाहताच तो ओळखतो, की हा फ्लावियाचा मुलगा, आपला भाचा. तो त्याला लपवितो, त्याच्या जखमांची काळजी घेतो आणि त्याला सुखरूप परत पाठवितो. त्यानंतर आपल्या राजापुढे जाऊन काय केले ते स्वतःहून सांगतो. वाचकहो, ही क्षमा प्रवचनातून आलेली नाही. ती रक्तातून आणि वर्षानुवर्षांच्या कडवटपणातून आलेली आहे. 'आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा' हे प्रभूचे वचन आम्ही वेदीवरून कितीदा वाचून दाखविले असेल. त्याची किंमत किती असते, हे या मुलांच्या कादंबरीने आम्हाला अधिक स्पष्ट दाखविले.

लंगडा लव्हेल आणि रहेरेचे रुग्णालय

कॅथलिक कुटुंबांना जवळची वाटेल अशी आणखी एक छोटी कादंबरी म्हणजे १९७० सालची 'द विचेस ब्रॅट'. बाराव्या शतकातील लव्हेल हा पाठीला व पायाला व्यंग असलेला पोरका मुलगा. त्याची आजी झाडपाल्याची औषधे देत असे. ती गेल्यावर गावकरी त्याला चेटकिणीचे पोर ठरवून दगड मारून हाकलून देतात. विंचेस्टरच्या मठात त्याला आसरा मिळतो. तेथील औषधी वनस्पतींच्या बागेत आणि आजाऱ्यांच्या सेवेत त्याला आपल्या हातांचा गुण कळतो. पुढे राजाच्या दरबारातील रहेरे हा माणूस सर्व सोडून संन्यस्त होतो व लंडनला गरिबांसाठी रुग्णालय काढतो, तेव्हा लव्हेल त्याच्या मदतीला जातो.

लव्हेल काल्पनिक आहे. रहेरे मात्र खरा. पहिल्या हेन्री राजाच्या दरबारातील या माणसाने रोमची यात्रा केली. तेथे तो आजारी पडला आणि बरे झाल्यास गरिबांसाठी रुग्णालय बांधीन असा नवस त्याने केला. ११२३ साली लंडनच्या स्मिथफील्ड भागात त्याने संत बार्थोलोम्यू यांच्या नावाने ऑगस्टिनियन मठ व रुग्णालय स्थापन केले. आठव्या हेन्रीच्या काळात मठ बंद झाला, पण रुग्णालय टिकले. २०२३ साली त्याला नऊशे वर्षे पूर्ण झाली. रहेरेची समाधी शेजारच्या जुन्या चर्चमध्ये आजही आहे.

मार्कसचा पाय, लव्हेलची पाठ आणि 'वॉरियर स्कार्लेट' (१९५८) मधील कांस्ययुगीन मुलगा ड्रेम याचा निर्जीव हात या साऱ्या व्यंगांमागे ती खाटेवरची मुलगी उभी आहे, हे सांगायला नको. परंतु तिने आपल्या नायकांना चमत्काराने बरे केले नाही. मार्कस अखेरपर्यंत लंगडतो, लव्हेलची पाठ सरळ होत नाही. त्यांना मिळते ते आपल्या वाट्याचे काम आणि त्या कामातून येणारा मान. आपल्या धर्मग्रामांत अपंग मुले आहेत आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करणारे आईबाप आहेत. दया हवी, पण दयेपेक्षा जागा हवी, हे या कादंबऱ्या सांगतात.

इतिहास आणि कल्पना

सटक्लिफ यांचे सारेच प्रमाण मानावे असे आम्ही म्हणत नाही. नववी लीजन स्कॉटलंडच्या धुक्यात नष्ट झाली ही कल्पना आज अनेक इतिहासकारांना मान्य नाही. तिच्या काही खुणा पुढील काळात हॉलंडमधील नायमेगेन येथे सापडल्या आहेत. सिल्चेस्टरचा गरुड हा लीजनचा मानबिंदू नसून एखाद्या मोठ्या पुतळ्याचा भाग असावा, असे आता मानतात. शिवाय त्यांच्या गाजलेल्या कादंबऱ्यांचे नायक प्रामुख्याने मुलगे आणि त्यातही सैनिक आहेत. मुलींच्या वाट्याला मध्यवर्ती स्थान कमी येते. या मर्यादा मुलांना मोकळेपणाने सांगाव्यात. त्यामुळे कादंबरीचे मोल घटत नाही. उलट कादंबरी आणि इतिहास यांतील भेद मुलांना लहानपणीच कळतो. हा भेद न कळल्याने मोठी माणसे काय काय करतात, ते आपण पाहतोच.

त्यांच्या कार्याचा गौरव पुष्कळ झाला. १९७५ साली ओ.बी.ई. आणि १९९२ साली सी.बी.ई. हे ब्रिटिश सन्मान त्यांना मिळाले. 'द मार्क ऑफ द हॉर्स लॉर्ड' या १९६५ सालच्या कादंबरीला वीस वर्षांनी, १९८५ मध्ये, अमेरिकेतील पहिला फीनिक्स पुरस्कार लाभला. 'ब्लू रिमेंबर्ड हिल्स' (१९८३) हे त्यांचे आत्मचरित्र त्यांच्या बालपणाची आणि तारुण्याची कहाणी विनोदबुद्धीने आणि कुरकुर न करता सांगते. त्यांनी लग्न केले नाही. ससेक्समधील वॉल्बर्टन या खेड्यात राहून, चाकांच्या खुर्चीत बसून, संधिवाताने वाकलेल्या बोटांनी त्या हाताने लिहीत राहिल्या. चाळीसहून अधिक पुस्तके त्यांनी लिहिली. २३ जुलै १९९२ रोजी, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्या दिवशी सकाळीही त्या लिहीत होत्या.

आपल्या मुलांना कोण सांगणार?

किल्ल्यातील त्या प्रश्नानंतर आम्ही एक प्रयोग केला. रविवारच्या वर्गाची शेवटची पंधरा मिनिटे दीपवाहकांची कथा आमच्या मोडक्यातोडक्या मराठीत मुलांना सांगत गेलो. फ्लाविया भावाबरोबर जात नाही तो भाग आला, तेव्हा तोच मुलगा चिडून म्हणाला, "पण ती शत्रूकडे कशी राहिली?" मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "तिचे बाळ तिकडे होते ना."

वर्गात क्षणभर शांतता पसरली. आम्हीही काही बोललो नाही. १७३९ च्या वेढ्यानंतर आपल्या घराघरांतून कुणी ना कुणी असाच निर्णय घेतला असेल. कुणी बोटीत बसून गोव्याला गेले असेल, कुणी लेकराबाळांसाठी, आंब्याच्या झाडासाठी, आईवडिलांच्या कबरींसाठी मागे राहिले असेल. त्या मुलाला आता कदाचित उत्तर देता येईल : बाळा, सैन्यांना बाजू होत्या, घरांना मुले होती. आपण त्या राहिलेल्यांची लेकरे आहोत. मराठी आपली आणि जपमाळही आपली.

पण हे उत्तर धर्मगुरूच्या तोंडून एकदा ऐकून पुरेसे नाही. ते कथेतून कळले पाहिजे. चर्चमधील बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्या, आजीच्या तोंडच्या लग्नगीतांतील शब्द, शेताच्या बांधावरचा जुना क्रूस ही सारी सामग्री आपल्यापाशी आहे. तिच्यातून मुलांसाठी कादंबरी लिहिणारा हात आपल्याच एखाद्या घरातून पुढे यावा. तो हात कदाचित आज खेळायला जाऊ न शकणाऱ्या, खिडकीशी बसलेल्या एखाद्या मुलीचा असेल. तोवर आईबापांनी एवढे तरी करावे : रात्री जपमाळ झाल्यावर दूरदर्शन संच अर्धा तास बंद ठेवावा आणि मुलाच्या उशाशी बसून काहीतरी वाचून दाखवावे. रोझमेरीच्या आईने तेवढेच केले होते.